धर्मादाय रुग्णालयांचा जमाखर्च

संपादक महाशय यांस,



आपल्या पत्राच्या गेल्या रविवारच्या अंकात एका वैद्यकव्यवसायी पत्रलेखकाने धर्मादाय रुग्णालयांची जी कैफियत मांडली आहे, तिच्यातील भाषेचे सौजन्य मला मान्य आहे; परंतु ज्या गृहीतावर त्यांचे सारे प्रतिपादन उभे आहे ते गृहीतच मला अमान्य असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. निर्धनावर केलेला उपचार ही संस्थेची उदारता होय आणि उदारतेची सक्ती करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. उदारतेची सक्ती करता येत नाही हे खरेच, पण येथे प्रश्न उदारतेचा नसून देण्याघेण्याचा आहे.

जमशेटजी जीजीभाईंनी मुंबईत किंवा डेव्हिड ससूनांनी पुण्यात रुग्णालयासाठी जे द्रव्य दिले ते दान होते, कारण त्याच्या मोबदल्यात कोणत्याही सरकारी सवलतीवर त्यांचा डोळा नव्हता. आजच्या धर्मादाय रुग्णालयाची गोष्ट निराळी आहे. आयकरातून मिळणारी सूट, देणगीदारांना मिळणारी वजावट, कित्येकांच्या बाबतीत नाममात्र भाड्याने लाभलेली सरकारी जमीन आणि वाढीव चटईक्षेत्र, हे सर्व त्यांनी समाजाकडून आधीच उचललेले आहे. देवळातील नंदादीपासाठी इनाम मिळालेली जमीन पिढ्यानपिढ्या कसावी आणि तेल महागले म्हणून दिवा लावणे परवडत नाही अशी तक्रार करावी, तशातलाच हा प्रकार होय.

या देण्याचे स्वरूपही संदिग्ध नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ४१ कक या कलमाखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली जी योजना मंजूर केली, तिच्यानुसार राज्यातल्या चारशेहून अधिक धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या आहेत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आज अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. शिवाय इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या स्वतंत्र खात्यात जमा करावयाची असते. म्हणजे पत्रलेखक ज्याला संस्थेच्या पदरचा खर्च म्हणतात, त्याचा बराचसा भाग पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या देयकांतूनच बाजूला पडतो, आणि रुग्णालय त्या रकमेचे केवळ विश्वस्त असते.

आणि तातडीच्या प्रसंगी? तेथे तर योजनेची भाषा निःसंदिग्ध आहे. रुग्णाला तत्काळ दाखल करून घ्यावे, त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार करावेत आणि त्यासाठी अनामत रक्कम मागू नये. सर्वोच्च न्यायालयानेही १९८९ साली परमानंद कटारा यांच्या अर्जावर निर्णय देताना, प्राण वाचविण्याचे वैद्यकाचे कर्तव्य इतर सर्व सोपस्कारांच्या आधी येते, असे स्पष्ट केले होते. प्रत्यक्षात मात्र रुग्णाच्या नातेवाइकाची पहिली गाठ पडते ती रोख भरण्याच्या खिडकीशी. तेथे शिधापत्रिका मागितली जाते, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागितला जातो, आणि तहसीलदाराची कचेरी रात्री दोन वाजता उघडी नसते हे खिडकीमागच्या कारकुनास ठाऊक असूनही तो बिचारा हुकुमाचा ताबेदार असल्यामुळे मान हलवतो. आपण निर्धन आहोत हे सिद्ध करण्याचा भार, ज्याच्या घरातील माणूस आत निपचित पडला आहे अशावर, त्याच घटकेस टाकणे हे योजनेच्या अक्षराशी जितके विसंगत, तितकेच तिच्या हेतूशीही विसंगत आहे.

पत्रलेखकांची एक तक्रार मात्र मी खुशाल मान्य करतो. मोटारीतून उतरून पिवळी शिधापत्रिका पुढे करणारी मंडळी आहेत, आणि एखाद्या पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर राखीव खाट पटकावणारी तर त्याहून अधिक असावीत. पण त्यावरचा इलाज दरवाजा बंद करणे हा नव्हे. आधी उपचार करावेत, चौकशी मागाहून करावी, आणि दाखला खोटा ठरल्यास संपूर्ण देयक वसूल करावे. लबाडाच्या भीतीने गरजवंतास उंबऱ्याबाहेर थोपविण्यात कसली व्यवहारबुद्धी आहे, हे मला तरी उमगत नाही.

आता तोट्याविषयी. निधी अपुरा पडतो, असे ते लिहितात. पडतही असेल, हृदयाची किंवा मेंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या रुग्णालयात दोन टक्के किती पुरणार? परंतु निधी किती जमला, कोणासाठी खर्च झाला आणि कोणत्या दराने खर्ची पडला, हे तुम्हाआम्हांस कळण्याची सोय कोठे आहे? खाट, शुश्रूषा यांचे पैसे निर्धन रुग्णाच्या नावे लावावयाचे नाहीत, औषधे व साहित्य खरेदीच्या किमतीने धरावयाचे, असे योजना सांगते. तीच औषधे छापील किमतीने निधीच्या नावे टाकली, तर वर्षअखेर तूट दिसणार यात नवल ते काय? अमुक रुग्णालय असे करते असा माझा आरोप नाही. माझे म्हणणे इतकेच, की धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी जाणारी विवरणपत्रे दप्तरातच राहतात तोवर तुटीची तक्रार आणि तुटीविषयीचा संशय ही दोन्ही सारखीच निराधार आहेत. सवलतीच्या जमिनीवर उभ्या असलेल्या दिल्लीतील रुग्णालयांनी बाह्यरुग्णांपैकी पंचवीस टक्के आणि आंतररुग्णांपैकी दहा टक्के निर्धनांवर मोफत उपचार केलेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले. दोन टक्क्यांच्या वेगळ्या निधीची व्यवस्था असलेल्या आपल्या रुग्णालयांनी दिल्लीच्या रुग्णालयांहून अधिक कुरकुर करावी, हे शोभत नाही.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. राखीव खाटांपैकी रिकाम्या किती हे सांगणारा फलक लागला म्हणजे काम भागले, असे मानू नये. निर्धन रुग्ण निधीचा मासिक जमाखर्च, खर्ची टाकलेल्या दरांसह, प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने रोख भरण्याच्या खिडकीशेजारीच लावावा, रुग्णांची नावे अर्थातच वगळून. आणि जे रुग्णालय तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागताना दुसऱ्यांदा सापडेल, त्याच्या सवलतींचा फेरविचार धर्मादाय आयुक्तांनी शासनाकडे मागावा. किरकोळ दंडाची रक्कम या संस्थांच्या खिजगणतीतही नसते.

पत्रलेखक ज्या रुग्णालयाशी संबंधित आहेत तेथे खरोखरच तूट येत असेल, तर असा जमाखर्च प्रसिद्ध होण्यात पहिला लाभ त्यांचाच आहे. गेल्या वर्षाचे आकडे त्यांनी आपल्याकडे धाडावेत. आपण ते याच सदरात छापाल, याविषयी मला शंका नाही.

आपला,
एक वाचक, मिरज