‘इलेजिबल’ म्हणजे अपात्र नव्हे

चेन्नईतल्या एका केंद्रीय संस्थेत शिकणारी नांदेडकडची एक मुलगी शिष्यवृत्तीवर पाणी सोडायला निघाली होती. अर्जावर शेरा होता ‘इलेजिबल’. तिनं वाचलं ‘इनएलिजिबल’, म्हणजे अपात्र. खरं तर जातीच्या दाखल्याचा स्कॅन पुसट आला होता, वाचता येत नव्हता, एवढंच.

तिला तसं वाटणं उगाच नव्हतं. अनुच्छेद ३४१ नुसार अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते. महाराष्ट्राच्या दाखल्यावर तमिळनाडू सरकारचं आरक्षण मिळत नाही. १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव निकालातही हेच तत्त्व आहे. केंद्रीय संस्थेत मात्र तो दाखला चालतो. पण ‘तुमचं इथं चालत नाही’ हे इतक्यांदा ऐकलेलं असतं, की डोळे तेच वाचतात.

गंमत अशी, की दोन्ही शब्दांचं मूळ एकच, लॅटिन ‘लेगेरे’: वेचणं आणि वाचणं.

तिचं इंग्रजी कच्चं, असं मी म्हणणार नाही. घरात शेरा उलगडून सांगणारं कुणी नसतं, हे कार्यालयांना ठाऊक असतं. ‘स्कॅन पुसट, पुन्हा जोडा’ लिहायला काय जातं? तोवर आपण अर्ज सोडण्याआधी कारण लेखी मागावं, आणि स्कॅनमध्ये दाखल्याचा क्रमांक नि शिक्का स्पष्ट दिसतो का, ते पाहावं.