रेशनकार्ड पेटीत नको, हाताशी हवे

साथ ओसरली की माणूस विसरतो. पण आळे, राजुरी, बेल्हे या पट्ट्यातील कष्टकरी कुटुंबांनी २०२१ चा उन्हाळा विसरू नये, असे आम्हांस वाटते.

त्या एप्रिलात आमच्या वस्तीतील एका शेतमजूर मावशींना धाप लागली. सरकारी खाट मिळेना. एका खाजगी रुग्णालयाने आधी अनामत मागितली. घरच्यांनी शेळ्या विकल्या, गळ्यातले गहाण टाकले. मावशी वाचल्या, कर्ज मात्र दोन वर्षे फेडत राहिल्या. नंतर कळले, ते रुग्णालय महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतले होते, आणि केशरी कार्ड घरच्या पेटीतच होते! आम्ही विचारले नाही, कोणी सांगितलेही नाही.

वास्तविक मे २०२० मध्ये राज्य सरकारने ही योजना पांढऱ्या कार्डासह राज्यातील सर्व रहिवाशांना खुली केली होती. योजनेत ठराविक उपचारच बसतात, हे खरे. परंतु ती दाखल होतानाच लावून घ्यावी लागते. हक्क कागदावर होता, वस्तीपर्यंत आला नाही.

१८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी काय केले ते आठवा. त्यांनी व डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना चालविला. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला माईंनी स्वतः पाठीवर आणले आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोगी येईल म्हणून माई वाट पाहत बसल्या नाहीत. सरकारी आरोग्यसेवेला हीच कसोटी लावली पाहिजे. वीटभट्टीवरचा मजूर, डोंगरातला ठाकर, एकटी म्हातारी यांच्या दारापर्यंत ती पोहोचते का?

पुढची साथ सांगून येणार नाही. म्हणून आजच तीन कामे करू या.

पहिले, रेशनकार्ड व आधारवरील नावे जुळवून घ्या. नव्या सुनेचे, लेकरांचे नाव चढवा. ज्याच्याकडे कार्डच नाही, त्याला तहसील कचेरीत सोबत न्या.

दुसरे, योजनेच्या रुग्णालयात गेल्यावर पैसे भरण्याआधी ‘आरोग्यमित्र कुठे बसतात?’ असे विचारा. अडवणूक झाल्यास १५५३८८ वर फोन करा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. २०२३ च्या शासन निर्णयाने योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाख झाली आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत.

तिसरे, १ मे च्या ग्रामसभेत उभे राहून विचारा. आरोग्य केंद्रात डॉक्टर मुक्कामी आहेत का? ऑक्सिजन आहे का? आशाताईंना मोबदला वेळेवर मिळतो का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. महिला मंडळाच्या भगिनींनी पुढाकार घ्यावा. घरातले आजारपण शेवटी त्यांच्याच अंगावर पडते.

मावशींचे कार्ड आता दाराजवळच्या पिशवीत टांगलेले असते. तुमचे कुठे आहे?