बोंडअळी आणि दवाखान्यातले जंतू

विषय दवाखान्याचा वाटेल, पण आपल्या गोठ्यापर्यंत येतो.

पेशंट मूळ आजारातून सावरतो आणि आयसीयूतल्याच जंतूनं हातचा जातो, असं आता वरचेवर कानावर येतं. डॉक्टर म्हणतात, अँटिबायोटिक लागू पडत नाही. कापूस लावणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको. २००६ ला दोन जीनचं बीटी आलं, अळी मरत होती. रेफ्युजीची पाकिटं मात्र बहुतेक बांधावरच राहिली. जी एखादी अळी तगली, तिचीच पिल्लावळ वाढली. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं विदर्भ-मराठवाड्यात काय केलं, ते सगळ्यांनी पाहिलंय. जंतूचं गणित तेच. फक्त अळीची पिढी महिन्याभराची, काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. वर तगायची युक्ती दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतात.

आता कोलिस्टिन घ्या. किडनीला त्रास होतो म्हणून डॉक्टरांनी मागं ठेवलेलं जुनं औषध. बाकी काही चालेना तेव्हा शेवटचा उपाय म्हणून परत काढलं. आणि तेच औषध कोंबडीच्या खाद्यात, आजार नसताना, वजन वाढावं म्हणून जात होतं! २०१५ ला चीनमध्ये कोलिस्टिनला दाद न देणारा, एका जंतूतून दुसऱ्यात जाणारा जीन डुकरांतही सापडला आणि पेशंटमध्येही. आपल्या सरकारनं जुलै २०१९ मध्ये जनावरं-कोंबड्यांसाठी कोलिस्टिन बंद केलं. माझ्या मते योग्यच केलं.

काहीजण म्हणतील, शेतकऱ्यालाच का धरता? साध्या सर्दीला अँटिबायोटिक लिहिणारे आहेत, चिठ्ठीशिवाय देणारे मेडिकलवाले आहेत. खरंय. त्यांनाही धरलं पाहिजे. पण शेजाऱ्याच्या रानात तण आहे म्हणून आपण आपली खुरपणी थांबवत नाही.

आपल्या हातातलं एवढंच. डाळिंबावर तेल्या आला की स्ट्रेप्टोसायक्लिनकडे धावू नका. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीचं औषध आहे. रोगट फांद्या-फळं काढून जाळा, कात्री प्रत्येक झाडागणिक निर्जंतुक करा. कासदाहाला जनावराच्या डॉक्टरला दाखवूनच इंजेक्शन द्या, कोर्स अर्धा सोडू नका. सांगितलेले दिवस ते दूध डेअरीला घालू नका. कोंबड्यांचं खाद्य घेताना पोत्यावरचं लेबल वाचा.

एक बियाणं गेलं तर दुसरं येईल, या भरवशावर आपण बोंडअळीपाशी फसलो. अँटिबायोटिकची नवी जात तर फार क्वचित येते. आहे ते जपून वापरा. उद्या आयसीयूच्या खाटेवर आपल्याच घरातलं माणूस असेल.