रानात सायकलची घंटी वाजवायची का?

मुलांनो,

सायकल शिकताना गुडघा फुटला नाही, असा मुलगा किंवा मुलगी शोधून सापडायची नाही. कुणी वडिलांच्या उंच सायकलच्या नळीमधून पाय घालून शिकलं, तर कुणी ताईच्या सायकलवर. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या कितीतरी मुलींना शाळेत जायला सायकल मिळते. ती दारात आली की धाकटी भावंडंच तिच्यावर आधी हात साफ करून घेतात!

पण शिकून झाल्यावर ती चालवायची कुठं? खरी अडचण इथंच आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं येडशी गाव घ्या. तिथून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. कंटेनर, ट्रक, एसटी, उसाच्या ट्रॉल्या, सगळ्यांची घाई एकच. आई म्हणते, "सडकेला जायचं नाही!" तुम्ही रुसता. पण आईचं काय चुकलं?

मग अशी एखादी वाट असेल का, जिथं मोटारी नाहीत, दोन्ही बाजूंना झाडी आहे आणि कानावर पडतो तो फक्त आपल्याच चेनचा आवाज? असते. राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. ते वाघांसाठी नव्हे, तर पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९८५ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथं आत पेट्रोलच्या गाड्या फिरवत नाहीत. लोक पायी जातात, रिक्षात बसतात, नाहीतर सायकल घेतात. तिथले अनेक रिक्षावाले कुठला बगळा आणि कुठला करकोचा हे लांबूनच ओळखून सांगतात. पक्ष्यांजवळ हळू जायचं असेल तर सायकलीसारखं वाहन नाही.

आपल्या महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत: ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. मराठवाड्यात मात्र एकही नाही. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानात कान्हेरी लेण्यांपर्यंतच्या रस्त्यावर दिवसा सायकल चालवता येते. ताडोबाच्या गाभ्यात मात्र पर्यटकांना ठरलेल्या गाडीत, वाटाड्याबरोबरच बसावं लागतं. मध्येच खाली उतरायचं नाही. कारण उघड आहे, ते वाघाचं घर आहे.

आता आपल्या घराजवळ या. येडशीजवळ बालाघाटच्या डोंगरात रामलिंग आहे. पावसाळ्यात तिथल्या धबधब्याखाली तुमच्यापैकी अनेकजण भिजले असतील, आणि हातातला खाऊ तिथल्या माकडांनी पळवलाही असेल! रावणाला अडवणारा जटायू इथंच पडला, असं लोक सांगतात. या परिसराला १९९७ साली येडशी-रामलिंग घाट अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालं. राष्ट्रीय उद्यान नव्हे, अभयारण्य. त्याचं क्षेत्रफळ सुमारे २२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे भरतपूरच्या २९ चौरस किलोमीटरच्या उद्यानापेक्षा थोडंसंच लहान.

याच घाटातून पूर्वी एक छोटी रेल्वे जायची. तुमच्या आजी-आजोबांना 'बार्शी लाइट' म्हणा, बघा त्यांचा चेहरा कसा खुलतो! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती सुरू केली. १८९७ साली ती कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावली आणि १९११ साली लातूरला पोहोचली. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, तुमच्या वर्गाच्या दारापेक्षाही कमी! पुढं २००७-०८ च्या सुमारास इथं मोठी रेल्वे आली. ती धाराशिव शहराकडून वळवली गेली, आणि रामलिंगच्या घाटातली जुनी वाट मोकळी पडली.

सायकलवाल्यांना अशा जुन्या रेल्वेवाटा फार आवडतात. का बरं? लोखंडी रुळावर लोखंडी चाक चटकन घसरतं. त्यामुळं रेल्वेला उभा चढ चढता येत नाही. शंभर मीटर पुढं गेल्यावर एक मीटर वर, एवढा चढसुद्धा तिला जड जातो. म्हणून इंजिनिअर डोंगराला वळसे घालतात, कुठं खिंड खोदतात, तर कुठं भराव टाकतात. रेल्वे गेली तरी तो सौम्य चढ तिथंच राहतो. जो चढ इंजिनाला दमवत नाही, तो तुमच्या पायांनाही दमवत नाही.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉल आणि बाथ या शहरांमधली एक जुनी रेल्वेवाट अशीच मोकळी पडली होती. तिथल्या सायकलप्रेमींनी १९७९ ते १९८६ या काळात तिच्यावर सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग तयार केला. त्यात स्वयंसेवकांनी स्वतः फावडी चालवली. आज त्यावरून मुलं शाळेत जातात आणि माणसं कामाला जातात.

माझ्या वर्गातल्या एका मुलानं हे ऐकल्याबरोबर विचारलं, "मग रामलिंगच्या घाटात आपणही तसंच करू या की!"

प्रश्न चांगला आहे. पण 'हो' म्हणण्याआधी आणखी एक गोष्ट ऐका.

डिसेंबर २०२४ मध्ये याच अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. हो, वाघ! अंगावरच्या पट्ट्यांवरून तो ओळखता आला. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून आलेला होता. चारशे किलोमीटरपेक्षा जास्त अंतर तो चालून आला: शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत. त्याला पकडून दुसऱ्या जंगलात न्यायचं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी पथकही आलं, पण त्यानं त्यांना चांगलंच झुलवलं. इकडं गावागावांत भीती पसरली. रात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्यानं काय करायचं? गोठ्यात बांधलेल्या वासराचं काय?

आता पाटी-पेन्सिल घ्या. २२ चौरस किलोमीटरचं रान चौकोनी आहे असं धरलं, तर त्याची एक बाजू येते पावणेपाच किलोमीटरच्या आत. ताशी १२ किलोमीटरच्या वेगानं तुमची सायकल ते पंचवीस मिनिटांत पार करील. चारशे किलोमीटर चालून आलेल्या प्राण्यासाठी हे रान म्हणजे जेमतेम एक खोली! त्या खोलीतून रोज किती सायकली न्यायच्या, हे आपल्या हौसेवरून ठरवायचं, की तिथं राहणाऱ्यांवरून?

मोटारी नसलेली वाट आपल्याला हवी असते, कारण आपल्याला धक्का लागू नये. रानालाही ती त्याच कारणासाठी हवी असते. संध्याकाळी तापलेल्या डांबरावर ऊब घ्यायला साप येतो आणि चाकाखाली जातो. तेव्हा रानातला रस्ता बिनमोटारीचा ठेवणं ही सायकलवाल्यांवर केलेली मेहरबानी नव्हे, तो रानाचा हक्क आहे. आपल्याला आत घेतलं, तर पाहुणे म्हणून घेतलं.

आता मथळ्यातल्या प्रश्नाकडं येऊ. सायकल आवाज करत नाही, हा तिचा मोठा गुण. पण रानात तोच कधी दोष ठरतो. चालणाऱ्या माणसाची चाहूल जनावराला लवकर लागते आणि ते आपणहून बाजूला होतं. सायकल गुपचूप आणि वेगात येते. वळणावर दोघं एकदम समोरासमोर आले की जनावर बिचकतं, आणि बिचकलेलं रानडुक्कर काय करील याचा नेम नाही. मग घंटी वाजवत सुटायचं का? नाही. वळणाआधी वेग कमी करायचा आणि सोबत्याशी नेहमीच्या आवाजात बोलायचं. तेवढी वर्दी पुरते. रानात घंटीपेक्षा ब्रेक महत्त्वाचा!

रानातल्या सायकलस्वाराचे नियम वहीत लिहून घ्या:

१. अभयारण्यात मनाला येईल तिथं शिरायचं नाही. वन विभागाची परवानगी हवीच, आणि ते 'नको' म्हणाले तर नको.
२. एकट्यानं जायचं नाही. मोठं माणूस बरोबर हवं. दिवस मावळायच्या आत परत.
३. पाणी, पंप, पाना, पंक्चरचा पॅच आणि सोल्यूशन जवळ ठेवा. बाभळीचा काटा आणि सराटा कुणाची ओळख ठेवत नाहीत.
४. माकडांना खाऊ द्यायचा नाही. प्लॅस्टिकचा कागद खिशातच परत आणायचा.
५. डबलसीट नको, शर्यत नको, गाणी नकोत.

पालकांनाही दोन शब्द. मूल सडकेवर सायकल नेतो म्हणालं, तर 'नाही' म्हणणं बरोबरच आहे. पण नुसतं 'नाही' म्हणून थांबू नका. रविवारी सकाळी त्याच्याबरोबर निघा. गावाच्या शिवारात पाणंद असते, गाडीवाट असते, तळ्याकडं जाणारा कच्चा रस्ता असतो. त्यातला सुरक्षित कोणता, हे तुम्हीच दाखवू शकता. सायकल नसेल तर पायी चला, वाट तीच राहील.

आणि मुलांनो, तुमचा या आठवड्याचा अभ्यास. गावातले तीन रस्ते निवडा. मोठ्या माणसाबरोबर प्रत्येक रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागी, अर्धा तास बसा. किती मोटारी, किती मोटरसायकली, किती सायकली, किती बैलगाड्या, किती माणसं गेली, त्याच्या रेघा मारा. मग गावाचा नकाशा काढून सर्वांत कमी मोटारींचा रस्ता हिरव्या रंगानं रंगवा. तो शाळेपर्यंत पोहोचतो का? मध्येच कुठं तुटतो? तुटतो तिथं काय केलं तर जोडला जाईल?

हा नकाशा गुरुजींना किंवा बाईंना दाखवा, आणि पुढच्या ग्रामसभेला घरच्यांबरोबर न्यायला विसरू नका. ब्रिस्टॉलच्या लोकांनी फावडं उचलण्याआधी हेच केलं असणार. आधी वाट कुठं आहे, ते नीट पाहिलं असणार.

चला तर, आधी चाकांतली हवा बघा!