आरोग्यविचार : खाजेवरील चिनी काढा

खाजेमुळे ज्याला रात्ररात्र झोप लागत नाही, तो मनुष्य कोणी सांगेल तो उपाय करावयास सिद्ध होतो. अशाच एका जुन्या उपायाचा आज परिचय करून घेऊ.

चिनी शस्त्रवैद्य चेन शिगोंग यांनी १६१७ साली सिद्ध केलेल्या ग्रंथात ‘श्याओ फेंग सान’, म्हणजे वारा शमविणारे चूर्ण, ही योजना आढळते. खाज वाऱ्यासारखी अंगभर फिरते, म्हणून चिनी वैद्यकाने तिचे मूळ वाऱ्यात कल्पिले. आपल्या आयुर्वेदाने मात्र कंडू हे मुख्यतः कफाचे लक्षण मानले. या योजनेत तेरा द्रव्ये आहेत. त्यांत तीळ, जिप्सम, ज्येष्ठमधाच्या जातीचे मूळ, इतकेच नव्हे तर सिकाडा नामक कीटकाने टाकलेली कातही आहे! ही द्रव्ये पाण्यात उकळून काढा घेतात.

या तेरांतील एक द्रव्य म्हणजे ‘मुतोंग’ वेलीचे खोड. पुढे याच नावाखाली ॲरिस्टोलोकिया या निराळ्या वेलीचे खोड बाजारात आले. नाव तेच, गुण मात्र घातक! १९९९ साली ब्रिटनमधील दोन स्त्रियांची हकीगत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. इसब बरा व्हावा म्हणून त्यांनी चिनी वनस्पतींचा काढा दीर्घकाळ घेतला होता. दोघींचीही मूत्रपिंडे निकामी झाली. या वेलीतील आम्लामुळे कर्करोगही होतो. चीनने २००३ साली तिच्या औषधी वापराची मान्यता काढून घेतली. आपल्याकडील ईश्वरमूळ याच कुळातील आहे, हेही ध्यानात असावे.

मलमांची कथाही बोधप्रद आहे. १९९९ सालीच लंडनमध्ये अकरा चिनी ‘वनौषधी’ मलमे तपासली असता आठांत डेक्सामेथासोन हे प्रबळ स्टेरॉइड सापडले. गुण आला खरा, पण तो वनस्पतीचा म्हणता येईल काय?

यास्तव घटक न लिहिलेला काढा वा मलम घेऊ नये. नखे लहान ठेवावीत, कोमट पाण्याने स्नान करावे, त्वचा कोरडी असल्यास खोबरेल लावावे. रात्री खाज वाढत असेल व घरातील इतरांनाही ती होत असेल, तर खरजेची शंका घेऊन सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. पुरळ नसताही खाज राहिल्यास यकृत, मूत्रपिंडे व रक्तातील साखर तपासून घ्यावी. आणि डॉक्टरांकडे जाताना, घेत असलेल्या काढ्याची पुडी सोबत न्यावयास विसरू नये.