परमनंट कधी होणार?

‘प्रोबेशन ऑफिसर’ म्हटलं की आमच्या गल्लीतल्या काकू हमखास विचारतात, “अजून प्रोबेशनच? परमनंट कधी होणार गं?” काहींना मी बँकेतली पीओ वाटते, ते घराच्या कर्जाचा दर विचारतात. ‘परिवीक्षा अधिकारी’ म्हणावं, तर लोक कुठल्या परीक्षेचा निकाल म्हणतात.

काम मात्र गमतीचं नाही. 1958 च्या अपराधी परिवीक्षा कायद्यानुसार एकविसाच्या आतल्या पोराला तुरुंगात धाडण्याआधी, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, कोर्टानं आमचा अहवाल बघायचा असतो. त्यासाठी घरी जाऊन चौकशी करावी लागते.

खानापूर तालुक्यातल्या एका गावात गेले. खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर. मला बघताच पोराच्या आईनं आतून कडी घातली. “संघाचा हप्ता सोमवारी देतो की ओ, बाई!” मी कोर्टाचं नाव घेतलं, तर दुसरी कडीही लागली! मग शेजारच्या आजोबांकडे वळले. पोरगा कसा, व्यसन काय, काम काय करतो, घरच्यांशी कसा वागतो? आजोबा खुलले. “पोरगं सोन्यासारखं. दीड एकर पाण्याखालची. मुलगी किती शिकलीय?” माझा अहवाल कायद्यानं गोपनीय असतो, पण मी परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत सोयरीक आल्याची बातमी वेशीपर्यंत पोचली होती.

हसू येतं, पण खटकतंही. लग्नाची चौकशी गावाला माहीत, कर्जाचीही माहीत. पोराला सोडता येईल का, यासाठीही कोर्ट चौकशी करतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. आपल्या एनएसएसच्या शिबिरात स्वच्छतेवर दरवर्षी पथनाट्य होतं. एखादं यावर का नको? मंडळातल्या लिहित्या मुलांनी मनावर घ्यावं.

कॉलेजात फादर उधळ्या पुत्राची गोष्ट सांगायचे. बापानं मारलेली मिठी सगळ्यांच्या लक्षात राहते. माझी गाठ रोज पडते ती रुसलेल्या थोरल्या भावाशी. याच कायद्याचं कलम 12 सांगतं की असा सुटलेला माणूस त्या शिक्षेमुळे कशाला अपात्र ठरत नाही. गल्लीला हे कलम लागू नाही.

त्या पोराला बाँडवर सोडलं. आता गॅरेजात काम करतो. महिन्यातून एकदा माझ्याकडे हजेरीला येतो, आणि मालक त्या दिवसाचा पगार कापतो.