पडद्यावरील रहस्य आणि भिंतीवरील कागद

‘द दा विंची कोड’ हा बोलपट २००६ च्या मे महिन्यात आपल्या देशात आला, तेव्हा गोमंतकात व आंध्र प्रदेशात त्यावर सरकारी बंदी आली. आंध्रातील बंदी पुढे उच्च न्यायालयाने रद्द केली. आज तर तो घरबसल्या कोणासही पाहावयास मिळतो, आणि आमच्या तरुणांपैकी पुष्कळांनी तो पाहिलेलाही आहे. तेव्हा पाहावा की पाहू नये हा वाद आम्ही घालीत नाही. पाहून झाल्यावर एखादी मुलगी जेवताना बापास विचारते, “बाबा, यात खरे किती?” त्या बापाने काय सांगावे, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

डॅन ब्राउन यांची मूळ कादंबरी २००३ सालची. प्रभु येशूचा मरिया माग्दालेना हिच्याशी विवाह झाला, त्यांचा वंश चालला, ख्रिस्तसभेने ते दडविले आणि एका गुप्त मंडळाने ते जपले, असे तिचे कथानक आहे. कादंबरी रंजक आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. (अडीच तासांच्या बोलपटात मात्र पात्रे धावतात थोडी, व्याख्याने देतात फार.) कल्पित कथेवर आमचा राग नाही. परंतु कादंबरीच्या आरंभी ‘वस्तुस्थिती’ अशा मथळ्याचे एक पान आहे व त्यावर हे गुप्त मंडळ १०९९ साली स्थापन झालेले, खरेखुरे आहे असे छापले आहे. फसवणूक आहे ती येथे. हे मंडळ पिएर प्लांतार नामक गृहस्थाने फ्रान्समध्ये १९५६ साली नोंदविले. पुढे त्याने व त्याच्या साथीदारांनी जुन्या वंशावळींचे बनावट कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवले, आणि ते ‘सापडले’ म्हणून बोभाटा झाला. खून करणारा ‘ओपुस देई’चा मठवासी तर सर्वस्वी कल्पित! १९२८ साली स्पेनमध्ये निघालेल्या त्या संस्थेत बहुसंख्य लोक प्रापंचिक आहेत. मठवासी तीत नाहीतच.

निसेआच्या धर्मपरिषदेविषयीही असेच. ३२५ साली तेथे मते मोजून येशूला देव ठरविले, असे कादंबरीतील पंडित सांगतो. वस्तुतः येशू केवळ मनुष्य होता असे तेथे कोणीच म्हणत नव्हते. ज्याच्यामुळे वाद उठला तो आरियुसदेखील पुत्र सृष्टीच्या आधीचा आहे असेच मानी; तो पुत्र निर्मिलेला की पित्याशी एकतत्त्व, हा प्रश्न होता. अखेरीस आरियुसच्या बाजूस दोनच महागुरू उरले. बायबलमध्ये कोणती पुस्तके असावीत याचा निर्णय त्या परिषदेने केलाच नाही.

मरिया माग्दालेनाविषयी मात्र बापाने थोडे सावकाश बोलावे, कारण येथे आपल्याकडूनही तिच्यावर अन्याय झालेला आहे. ५९१ साली पोप महान ग्रेगोरी यांनी एका प्रवचनात तिला, बेथानीच्या मरियेला व लूकच्या शुभवर्तमानातील पापी स्त्रीला एकच मानले. तेव्हापासून पाश्चात्त्य चित्रकारांनी तिला केस मोकळे सोडून रडणारी पतिता म्हणूनच रंगविले. शुभवर्तमानात तसे कोठेही नाही. तेथे ती सात दुष्टात्म्यांपासून मुक्त झालेली, स्वतःच्या पैशांनी प्रभूचा व शिष्यांचा खर्च चालविणारी, क्रुसापाशी उभी राहिलेली आणि पुनरुत्थित प्रभूस प्रथम पाहणारी आहे. १९६९ च्या सुधारित पंचांगात ही गल्लत दूर झाली व २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनास प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. तिला दडविले म्हणणाऱ्यांनी योहानाचा विसावा अध्याय उघडावा. पास्काच्या सप्ताहात तो दरवर्षी मोठ्याने वाचला जातो. ज्या काळी बाईच्या साक्षीस फारसे वजन नव्हते, त्या काळी प्रभूने आपला निरोप तिच्या तोंडी दिला. कादंबरीकाराला तिचे मोठेपण सांगण्यास तिचे लग्न लावावे लागले, याचे आम्हांस नवल वाटते.

पॅरिसमधील सें-सुल्पीस हे ख्रिस्तमंदिर कथेत येते. त्याच्या फरशीतील पितळी रेघ मूर्तिपूजकांच्या देवळाचा अवशेष होय, असे कादंबरीत म्हटले आहे. तेथे चित्रीकरणास परवानगी मिळाली नाही. परंतु कादंबरी वाचून प्रवाशांच्या झुंडी लोटू लागल्या तेव्हा कोणी दार लावून घेतले नाही. भिंतीवर एक कागद लावला. ही जागा कधीही मूर्तिपूजकांचे देऊळ नव्हती आणि खिडक्यांतील ‘पी’ व ‘एस’ ही अक्षरे कोणा गुप्त मंडळाची नसून पेत्र व सुल्पीस या दोन संतांची आहेत, असे त्यावर लिहिले होते. ती रेघ अठराव्या शतकात बसविली, ती पास्काचा दिवस ठरविण्यासाठी वसंतसंपात अचूक कळावा म्हणून. दक्षिणेकडील खिडकीतील छिद्रातून सूर्याचा कवडसा आत येतो, दुपारी ती रेघ ओलांडतो, आणि संपाताच्या दिवशी वेदीजवळच्या तांब्याच्या पट्टीवर पडतो.